दुसऱ्या दिवशीचा आजार

अंधेरीसारख्या उपनगरात थकव्याकडे आजार म्हणून पाहायला कुणी सहजासहजी तयार होत नाही. सीप्झमधली रात्रपाळी, मेट्रोच्या पुलावरून लोकलच्या फलाटावर उतरणारी गर्दी, विरारपासून उभ्याने केलेला प्रवास, दोन घरचा स्वयंपाक उरकून तिसऱ्या घरी निघालेली बाई : दमलेले नाही असे इथे आहे कोण? म्हणून ‘डॉक्टर, वीकनेस फार आहे’ हे वाक्य गल्लीतल्या दवाखान्यात कानावर पडले की पुढची वाट ठरलेली असते. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-12, ड जीवनसत्त्व, साखर. काही कमी निघाले तर गोळ्या, नाही निघाले तर टॉनिक, कुणाला एखादे सलाईन, आणि उठताना सल्ला : रोज अर्धा तास चाला, बरे वाटेल. ही वाट चुकीची नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. अशा राज्यात आधी रक्त तपासणे हेच शहाणपणाचे. पण या वाटेने जाणाऱ्यांत काही माणसे अशी असतात, की त्यांचे सगळे रिपोर्ट नॉर्मल येतात आणि चालायला लावले की ती अंथरुणाला खिळतात. त्यांच्याविषयीचा, आणि त्यांच्या रक्तात गेली चाळीस वर्षे शोधल्या जाणाऱ्या खुणांविषयीचा हा आढावा आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे : या आजाराची पक्की खूण हाती लागत नाही याचे एक मोठे कारण म्हणजे ती चुकीच्या गटात आणि चुकीच्या वेळी शोधली गेली.

एमई-सीएफएस हे या आजाराचे आजचे चालू नाव. मायल्जिक एन्सेफॅलोमायलायटिस आणि क्रॉनिक फटीग सिंड्रोम अशा दोन नावांची ती जोडी. जागतिक आरोग्य संघटनेने 1969 मध्येच त्याची नोंद मज्जासंस्थेच्या आजारांत केली. त्याआधी 1955 साली लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयात एका साथीत 290 हून अधिक जण आजारी पडले होते, त्यांत बहुतेक तिथलेच डॉक्टर, परिचारिका आणि कर्मचारी. 1970 मध्ये दोन मानसोपचारतज्ज्ञांनी त्या रुग्णांपैकी कुणालाही न तपासता, जुने केसपेपर वाचून, तो सामूहिक हिस्टेरिया असल्याचे लिहिले. त्या एका निष्कर्षाचे सावट पुढच्या कित्येक दशकांवर राहिले. या आजाराला इतर सगळ्या थकव्यांपासून वेगळे काढणारी गोष्ट म्हणजे श्रमोत्तर त्रास. एरवी जमणारे एखादे काम केले, बाजारातून पिशव्या आणल्या, कपडे धुतले, दोन तास परीक्षेचा अभ्यास केला, तर त्या क्षणी फारसे काही बिघडत नाही. बिघडते ते नंतर, बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी. घसा धरतो, मानेतल्या गाठी दुखतात, ताप आल्यासारखे अंग मोडून येते, साधे शब्द आठवत नाहीत, उजेड आणि आवाज सोसत नाही, आठ तास झोपूनही झोप झाल्यासारखे वाटत नाही. हे दोन दिवस टिकते, कधी दोन आठवडे. श्रम शारीरिकच असावेत असेही नाही. लांबलेली मीटिंग किंवा जोराचे भांडणही पुरते. केलेल्या कामाच्या मानाने मोजावी लागणारी किंमत भलतीच मोठी असते, आणि ती उशिरा वसूल होते.

हा त्रास निदानाच्या केंद्रस्थानी यायला फार उशीर झाला. 1991 च्या ऑक्सफर्ड निकषांनुसार सहा महिने टिकलेला, दुसरे कारण न सापडलेला जबर थकवा निदानाला पुरे होत असे. संशोधनात सर्वाधिक वापरल्या गेलेल्या 1994 च्या अमेरिकी निकषांत थकव्याच्या जोडीला आठपैकी चार लक्षणे हवी होती, आणि श्रमोत्तर त्रास त्या आठांतला केवळ एक. म्हणजे तो मुळीच नसलेला माणूसही या निकषांतून आत येऊ शकत होता. 2003 च्या कॅनडाच्या निकषांनी तो अनिवार्य केला, आणि 2015 मध्ये अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने हजारो शोधनिबंधांची छाननी करून तोच निर्वाळा दिला : कामाची क्षमता सहा महिन्यांहून अधिक काळ लक्षणीय घटलेली, श्रमोत्तर त्रास, झोपूनही न जाणारा शीण, आणि त्यासोबत एकतर बुद्धीचे मांद्य किंवा उभे राहिल्यावर होणारा त्रास. या वीसेक वर्षांच्या घोळाचा हिशेब अजून नीट मांडला गेलेला नाही असे मला वाटते. 1994 आणि 1991 च्या निकषांवर गोळा केलेल्या गटांत निरनिराळे आजार असलेली माणसे एकत्र आली, आणि मग त्यांच्या रक्ताची सरासरी काढून ‘ठोस काही सापडत नाही’ असे म्हटले गेले.

आपल्या मुलखाजवळचा या विषयातला भक्कम अभ्यास गोव्यातला आहे. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘संगात’ या संस्थेच्या मार्फत बार्देशातल्या हळदोणे परिसरात 18 ते 50 वयाच्या 2494 स्त्रियांची पाहणी केली आणि 2005 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये निष्कर्ष मांडले. 12.1 टक्के स्त्रियांनी सहा महिन्यांहून अधिक काळ थकवा असल्याचे सांगितले. या थकव्याचे नाते कशाशी होते? हिमोग्लोबिनशी नव्हते, ही पहिली चकित करणारी गोष्ट. नाते होते अपुऱ्या शिक्षणाशी, डोक्यावरच्या कर्जाशी, नवऱ्याच्या मारहाणीशी, नैराश्याशी आणि चिंतेशी. या अभ्यासाचे मोल मोठे आहे. ‘बायकांना थकवा म्हणजे लोहाची गोळी’ हे समीकरण त्याने मोडले आणि घरातल्या हिंसेला आरोग्याच्या चर्चेत जागा मिळवून दिली. त्यावरून कुणी असेही म्हणेल, की मग प्रश्न मिटला : आपल्याकडचा दीर्घ थकवा सामाजिक आणि मानसिक आहे, रक्तातल्या खुणा शोधण्याची हौस श्रीमंत देशांना लखलाभ. हा निष्कर्ष मात्र त्या अभ्यासातून निघत नाही. ती पाहणी दीर्घ थकव्याची होती; श्रमोत्तर त्रास असलेल्यांना निराळे काढणे हा तिचा हेतूच नव्हता. शिकागोत लिओनार्ड जेसन यांच्या गटाने 28 हजारांहून अधिक प्रौढांना फोन करून आणि पुढे वैद्यकीय तपासणी करून 1999 मध्ये दाखवले, की पूर्ण निकषांत बसणाऱ्यांचे प्रमाण 0.42 टक्के आहे. बारा टक्के आणि अर्ध्या टक्क्याहूनही कमी. दोन्ही आकडे आपापल्या जागी खरे असू शकतात, कारण ते वेगवेगळ्या गोष्टींचे आहेत. हळदोण्याच्या थकवा सांगणाऱ्या त्या सुमारे तीनशे स्त्रियांत एमई-सीएफएसच्या मूठभर रुग्ण असत्या, तरी बाकीच्यांच्या आकडेवारीत त्या विरघळून गेल्या असत्या. आणि श्रीमंतांच्या आजाराविषयी म्हणाल, तर त्याच शिकागोच्या अभ्यासात हा आजार कमी शिकलेल्या, कमी प्रतीची नोकरी करणाऱ्या आणि अल्पसंख्य समाजांतल्या लोकांत अधिक आढळला. 1980 च्या दशकात ज्याची ‘यप्पी फ्लू’ म्हणून टवाळी झाली, त्याची पाहणी सर्वसामान्य लोकांत केल्यावर हे चित्र दिसले.

आजाराची सुरुवात बहुतेकदा एखाद्या संसर्गाने होते, आणि इथे मुंबईचा संबंध थेट येतो. ऑस्ट्रेलियातल्या डबो या गावी संशोधकांनी तीन वेगवेगळ्या संसर्गांचे 253 रुग्ण तापाच्या दिवसांपासूनच नजरेखाली ठेवले : एपस्टाइन-बार विषाणू, क्यू फीवर आणि रॉस रिव्हर विषाणू. सहा महिन्यांनी 11 टक्के जण क्रॉनिक फटीग सिंड्रोमच्या निकषांत बसत होते. तिन्ही जंतू एकमेकांशी काही नाते नसलेले, तरी प्रमाण जवळपास सारखे. कोण आजारी राहील हे कशावरून सांगता येत होते? मूळ ताप किती जोराचा होता त्यावरून. वय, लिंग किंवा आधीची मानसिक स्थिती यांवरून नाही. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेला हा अभ्यास मला या विषयातला सर्वांत बोलका वाटतो, कारण त्याने रुग्ण हा दीर्घ आजार जडल्यावर नाही, तर जडण्याआधी गाठले. यातला रॉस रिव्हर विषाणू हा चिकुनगुन्याचा जवळचा नातेवाईक. चिकुनगुन्या महाराष्ट्राला नवा नाही. 1973 मध्ये बार्शीत त्याची मोठी साथ येऊन गेली, आणि 2006 मध्ये तो परतला तेव्हा देशभरात सुमारे 14 लाख संशयित रुग्णांची नोंद झाली. सांधे धरलेली, ‘चिकुनगुन्या झाल्यापासून मी पूर्वीसारखा राहिलोच नाही’ म्हणणारी माणसे त्यानंतर घरोघर होती. डेंग्यूनंतरच्या रेंगाळणाऱ्या थकव्याचे अभ्यास सिंगापूरमध्ये झाले आहेत, आणि डेंग्यू तर अंधेरी-घाटकोपरच्या प्रत्येक पावसाळ्याचा पाहुणा.

मग आला कोविड. जुलै 2020 मध्ये नीती आयोग, मुंबई महापालिका आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी माटुंगा, चेंबूर आणि दहिसर या भागांत केलेल्या रक्तपाहणीत झोपडपट्ट्यांतल्या 57 टक्के आणि इतर वस्तीतल्या 16 टक्के लोकांत प्रतिपिंडे सापडली. 2021 च्या ऑगस्ट-सप्टेंबरमधल्या पाचव्या पाहणीत, लसीकरण धरून, शहरभरचे प्रमाण 86.64 टक्के झाले. मरोळच्या सेव्हन हिल्स रुग्णालयासारख्या ठिकाणांहून बरे होऊन घरी गेलेल्यांची नोंद ‘डिस्चार्ज’ या शब्दाशी थांबते. अमेरिकेच्या ‘रिकव्हर’ प्रकल्पाने 2025 मध्ये जाहीर केले, की कोविड होऊन गेलेल्या त्यांच्या सहभागींपैकी 4.5 टक्के लोक एमई-सीएफएसच्या निकषांत बसले. न झालेल्यांत हे प्रमाण 0.6 टक्के होते. तो आकडा उचलून मुंबईच्या लोकसंख्येला लावणे चूक ठरेल, कारण तिथले सहभागी स्वतःहून पुढे आलेले होते आणि आपली वयोरचना निराळी. पण याचा दहावा हिस्सा जरी इथे खरा धरला, तरी उपनगरांतल्या हजारो माणसांचा प्रश्न उरतो.

आता रक्तातल्या खुणांकडे येऊ. संसर्गातून सुरू होणारा, घसा आणि गाठी दुखवणारा आजार म्हटल्यावर रोगप्रतिकार यंत्रणेवर संशय जाणे स्वाभाविक होते. 1980 च्या दशकाच्या अखेरीपासून एक निरीक्षण वारंवार आले : या रुग्णांच्या ‘नॅचरल किलर’ पेशी संख्येने पुरेशा असूनही त्यांची मारकशक्ती कमी भरते. विषाणूने ग्रासलेल्या पेशींचा फडशा पाडणे हे या पेशींचे काम. चाळीस वर्षांत सर्वाधिक वेळा सापडलेला हा फरक, तरी ब्रिटनच्या एमई-सीएफएस बायोबँकेतल्या काळजीपूर्वक निवडलेल्या रुग्णांत 2019 मध्ये तो दिसला नाही. पेशी जिवंत आणि ताज्या असतानाच ही चाचणी करावी लागते, त्यामुळे प्रयोगशाळा बदलली की निकाल बदलतो. दुसरा शोध सायटोकाइनांचा, म्हणजे पेशी एकमेकींना निरोप धाडण्यासाठी सोडतात त्या द्रव्यांचा. 2015 मध्ये मॅडी हॉर्निग आणि इयन लिपकिन यांनी सुमारे तीनशे रुग्णांचे रक्त तपासले, तेव्हा आजाराला तीन वर्षे पूर्ण न झालेल्यांत ही द्रव्ये वाढलेली होती आणि जुन्या रुग्णांत नव्हती. दोन्ही गट मिसळले असते तर फरक पुसला गेला असता. 2017 मध्ये स्टॅनफर्डच्या होसे मोंतोया यांनी 192 रुग्णांत 51 सायटोकाइने मोजली. निरोगी लोकांशी तुलना करता फार थोडा फरक दिसला, पण आजाराच्या तीव्रतेशी ताडून पाहताच 17 द्रव्ये तिच्यासोबत चढत गेलेली आढळली. दोन्ही अभ्यासांचे सांगणे एकच आहे. ‘रुग्ण विरुद्ध निरोगी’ हा प्रश्न ढोबळ आहे; आजार किती जुना, किती तीव्र, हे विचारल्याशिवाय रक्त बोलत नाही.

या शोधात फसगतीही झाल्या, आणि त्या लपवण्यात कुणाचे हित नाही. 2009 मध्ये ‘सायन्स’मध्ये एक्सएमआरव्ही नावाचा विषाणू दोन-तृतीयांश रुग्णांत सापडल्याचा दावा आला, जगभरच्या रुग्णांनी सुटकेचा श्वास टाकला, आणि 2011 च्या डिसेंबरात तो निबंध मागे घेतला गेला, कारण तो विषाणू प्रयोगशाळेतल्या दूषित नमुन्यांतून आलेला होता. नॉर्वेतल्या बर्गनच्या दोन कर्करोगतज्ज्ञांनी बी पेशी नष्ट करणाऱ्या रिटुक्सिमॅब या औषधाने 30 रुग्णांच्या चाचणीत आशा जागवली. 151 रुग्णांच्या मोठ्या चाचणीत 2019 मध्ये औषध आणि सलाईनचे पाणी यांत फरक उरला नाही. टीजीएफ-बीटा या द्रव्याची गोष्ट तर प्रत्येक पॅथॉलॉजी लॅबने भिंतीवर लावावी अशी आहे. विश्रांतीत घेतलेल्या रक्तात बऱ्याच अभ्यासांनी ते वाढलेले दाखवले, आणि खूण सापडली असे वाटू लागले. पण प्लेटलेट पेशी या द्रव्याने गच्च भरलेल्या असतात. काढलेले रक्त नळीत किती वेळ पडून राहिले, सेंट्रिफ्यूजमध्ये किती वेगाने फिरवले, यावर त्या फुटून किती टीजीएफ-बीटा बाहेर सांडते ते ठरते. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी 2018 मध्ये हे दाखवून दिले, तेव्हा आधीचे कित्येक आकडे आजाराचे की नळीचे, हा प्रश्न उभा राहिला. घरी येऊन रक्त घेणारा मुलगा पावसात एस. व्ही. रोडवर तासभर अडकला, त्याच्या डब्यातला बर्फ वितळला, तर साखरेच्या रिपोर्टवर फार परिणाम होणार नाही. अशा नाजूक द्रव्यांचा रिपोर्ट मात्र कवडीमोल होईल. म्हणून आज कुणी मुंबईत महागडे ‘इम्यून पॅनेल’ करून एमई-सीएफएसचे निदान देतो म्हणाला, तर त्याला पैसे देऊ नयेत. निदान करू शकेल असा एकही रक्तदर्शक आजमितीला प्रस्थापित नाही.

तरीही शोधाची दिशा चुकली असे मी म्हणणार नाही, वेळ चुकली असे म्हणेन. आपल्या चाळींत पाणी ठरावीक वेळीच येते. पाणी नसताना पाइप तपासून गळती कुणाला सापडणार? जो आजार श्रमानंतर उसळतो, त्याचे रक्त रुग्णाला तासभर खुर्चीत शांत बसवून घ्यायचे आणि त्यात काही नाही म्हणून निकाल द्यायचा, हे बहुतेक अभ्यासांत झाले. उलट वाट धरणाऱ्यांत युटा विद्यापीठातले अ‍ॅलन आणि कॅथलीन लाइट होते. 2009 च्या प्रयोगात त्यांनी रुग्णांना 25 मिनिटे मध्यम व्यायाम दिला आणि अर्ध्या तासाने, आठ तासांनी, दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी रक्त घेतले. स्नायूंतली वेदना टिपणारी, अ‍ॅड्रिनलिनला प्रतिसाद देणारी आणि रोगप्रतिकाराशी निगडित जनुके रुग्णांत दोन दिवसांपर्यंत चढलेली राहिली. निरोगी लोकांत तसे झाले नाही. 2014 मध्ये बेल्जियमच्या यो नेस यांनी व्यायामोत्तर अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा पूरक प्रथिनांतला सी-4-ए हा घटक, ऑक्सिडेशनचा ताण आणि जनुकांची हालचाल यांत रुग्णांचा प्रतिसाद जास्त तीव्र दिसला; रक्तात फिरणाऱ्या सायटोकाइनांत तसा फरक नव्हता. इथेही सारे एकमुखी नाही. 2016 मध्ये ऑस्ट्रेलियात आणि 2019 मध्ये अमेरिकेत झालेल्या छोट्या अभ्यासांत व्यायामानंतरही जनुकांत म्हणण्यासारखा बदल मिळाला नाही. मला यातून दिसते ते असे, की रक्त ही श्रमोत्तर त्रासाची कदाचित दुय्यम जागा असेल आणि मुख्य घडामोड स्नायूंत आणि सूक्ष्म रक्तवाहिन्यांत चालत असेल. अ‍ॅमस्टरडॅमच्या संशोधकांनी 2024 मध्ये हेच तपासले. दीर्घ कोविड आणि श्रमोत्तर त्रास असलेल्या 25 जणांना सायकल चालवायला लावून आधी आणि दुसऱ्या दिवशी मांडीच्या स्नायूचा तुकडा घेतला. श्रमानंतर स्नायूतंतूंची हानी वाढली होती, पेशींची ऊर्जानिर्मिती अधिक मंदावली होती, आणि प्रतिकार पेशी स्नायूत शिरल्याच्या खुणा होत्या.

या विषयावरचा सर्वांत जुना आणि वजनदार आक्षेप म्हणजे, हे लोक फक्त निष्क्रिय झाले आहेत. पडून राहिल्याने शरीर गळाले, हळूहळू व्यायाम वाढवला की ताळ्यावर येईल. आक्षेप तर्काला धरून आहे, म्हणून त्याची परीक्षाही तशीच व्हायला हवी, आणि ती सलग दोन दिवसांच्या सायकल चाचणीने झाली. माणसाला स्थिर सायकलवर बसवतात, तोंडावर मुखवटा, त्यातून श्वासातल्या प्राणवायूचे आणि कार्बन डायऑक्साइडचे मोजमाप, छातीवर ईसीजीच्या तारा. पायाखालचा भार मिनिटागणिक वाढत जातो आणि शरीर प्राणवायूवर भागवेनासे होते तो उंबरठा यंत्र टिपते. चोवीस तासांनी तेच पुन्हा. वर्षानुवर्षे खुर्चीत बसून काम करणारा, व्यायामाचे नाव न घेणारा निरोगी माणूस दुसऱ्या दिवशीही जवळपास तेवढेच आकडे देतो. कमकुवत असला तरी त्याचा कमकुवतपणा दोन्ही दिवस सारखा. एमई-सीएफएसच्या रुग्णांत दुसऱ्या दिवशी तो उंबरठा खाली घसरतो. इथाका कॉलेजच्या बेट्सी केलर यांच्या 2024 च्या अभ्यासात 84 रुग्ण आणि 71 बैठ्या जीवनशैलीचे निरोगी लोक होते, आणि दोन्ही गटांतून सारख्या क्षमतेच्या जोड्या लावून पाहिल्यावरही फरक टिकला. निष्क्रियतेने पहिल्या दिवसाचा आकडा समजावता येतो, दुसऱ्या दिवशीची घसरण येत नाही. या चाचणीतून सावरायला निरोगी लोकांना सरासरी दोन दिवस लागले आणि रुग्णांना जवळपास तेरा. म्हणूनच ती सर्रास करण्याची चाचणी नव्हे. जिने रुग्ण महिनाभर अंथरुणाला खिळू शकतो ती परीक्षा संशोधनापुरती, पूर्ण संमतीने, आणि फार आजारी असलेल्यांवर मुळीच नाही.

व्यायामाच्या बाजूने ब्रिटनमधल्या ‘पेस’ चाचणीचा दाखला अजूनही दिला जातो. 641 रुग्णांच्या या चाचणीने 2011 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये सांगितले, की टप्प्याटप्प्याने वाढवलेला व्यायाम आणि विचारांची दिशा बदलणारे समुपदेशन यांनी रुग्ण सुधारतात. तिथे रुग्ण ऑक्सफर्ड निकषांवर निवडले होते, सुधारणेचा मुख्य पुरावा रुग्णांनी स्वतः भरलेली प्रश्नावली होती, आणि ‘बरे झाले’ म्हणण्याची आधी ठरवलेली रेषा नंतर खाली आणली गेली. मूळ आकडे मिळवायला एका रुग्णाला न्यायाधिकरणापर्यंत जावे लागले. 2016 मध्ये ते खुले झाले आणि मूळ ठरवलेल्या रेषेने मोजल्यावर बरे झालेल्यांचे दावे टिकले नाहीत. 29 ऑक्टोबर 2021 ला ब्रिटनच्या नाइस या मार्गदर्शक संस्थेने या आजारात टप्प्याटप्प्याने वाढवण्याचा व्यायाम देऊ नये असे स्पष्ट लिहिले. दुसरा आक्षेप नैराश्याचा. नैराश्य आणि हा आजार एकाच माणसात असू शकतात, कोणताही लांबलेला आजार नैराश्य आणतो, आणि हळदोण्याच्या स्त्रियांची यातना खरी होती. पण नैराश्यात माणसाला काही करावेसेच वाटत नाही, आणि उठून चालल्याने थोडे बरे वाटते. इथे करायची इच्छा शाबूत असते, बेत आखलेले असतात, आणि ते पार पाडल्याची शिक्षा दुसऱ्या दिवशी मिळते. दवाखान्यात दोन मिनिटांत विचारता येणारा हा फरक आहे.

खूण नाही म्हणून आजारही नाही, असे म्हणणाऱ्यांना मी अर्धशिशीकडे बोट दाखवीन. तिचे निदान आजही रुग्णाच्या सांगण्यावरच होते आणि तिच्यावर कुणी शंका घेत नाही. शिवाय खुणा अगदीच नाहीत असेही आता म्हणता येत नाही. 2025 च्या ऑगस्टमध्ये ब्रिटनच्या ‘डीकोड-एमई’ प्रकल्पाने 15,579 रुग्ण आणि अडीच लाखांवर इतर लोक यांची जनुके ताडून आठ जागी फरक असल्याचे प्राथमिक निष्कर्ष मांडले. त्यांतल्या काही जनुकांचा संबंध संसर्गाशी लढण्याशी, काहींचा मज्जासंस्थेशी. हे सर्व रुग्ण युरोपीय वंशाचे, आणि फरक इतके बारीक की एकेकट्या माणसाचे निदान त्यावर होणार नाही. मात्र या प्रकल्पाने रुग्ण निवडताना श्रमोत्तर त्रास असणे अनिवार्य ठेवले होते. गट नीट निवडला की धूसर चित्र स्पष्ट होऊ लागते, हे माझे म्हणणे यापेक्षा मोठ्या प्रमाणावर तपासले गेलेले नाही.

शेवटचा आक्षेप आपल्या परिस्थितीचा. क्षयाचे रुग्ण, रक्तक्षय, मधुमेह यांनी ओपीडी ओसंडत असताना या आजारासाठी वेळ आणि पैसा कुठून आणायचा? पैसा फारसा लागतच नाही. आधी नेहमीच्या तपासण्या कराव्यात. थायरॉइड, रक्तक्षय, क्षय, झोपेतला श्वासरोध हे सुटता कामा नयेत. त्या नॉर्मल आल्या की एक प्रश्न विचारावा : जास्त काम झाले तर दुसऱ्या दिवशी काय होते, आणि किती दिवस? उत्तर संशयास्पद असेल तर रुग्णाला दहा मिनिटे भिंतीला टेकून उभे करावे, दर मिनिटाला नाडी आणि रक्तदाब घ्यावा. निजलेल्या स्थितीपेक्षा नाडी मिनिटाला 30 किंवा त्याहून जास्त ठोक्यांनी वाढून तशीच राहिली, तर उभे राहण्याचा त्रास खरा आहे आणि त्यावर मीठ, पाणी, दाबाचे मोजे आणि काही स्वस्त औषधे यांनी इलाजही होतो. बाकी उपचार म्हणजे श्रमांची मर्यादा ओळखून तिच्या आत राहणे : काम तोडून करणे, मध्ये आडवे होणे, बरे वाटलेल्या दिवशी सगळे उरकून न टाकणे. घरातल्यांना हे समजावणे डॉक्टरांच्या तोंडूनच शक्य होते. सुनेने किंवा कमावत्या मुलाने सांगितले तर तो कामचुकारपणा ठरतो, डॉक्टरांनी लिहून दिले तर ती सूचना असते.

आणि संशोधनही आवाक्यात आहे. केईएम, नायर, सायन आणि विलेपार्ल्याचे कूपर या महापालिकेच्या चारही वैद्यकीय महाविद्यालयांत दर पावसाळ्यात डेंग्यू आणि चिकुनगुन्याचे निदान पक्के झालेले रुग्ण दाखल होतात. त्यांचे फोन नंबर केसपेपरवर लिहिलेले असतात. डबोने एका छोट्या गावात जे केले ते इथे एका मोसमात करता येईल : ताप असतानाच नाव नोंदवा, रक्ताचा एक नमुना नीट गोठवून ठेवा, सहा महिन्यांनी फोन करा आणि श्रमोत्तर त्रासाचा प्रश्न विचारा. ज्यांचे उत्तर ‘हो’ असेल त्यांना बोलावून पुन्हा रक्त घ्या, त्यांच्या रोजच्या कामाच्या आधी आणि दुसऱ्या दिवशी. या महाविद्यालयांतल्या मेडिसिन आणि समाजवैद्यक विभागांना माझी विनंती आहे की येत्या जूनपासून हे सुरू करावे. आणि ज्या डॉक्टरांच्या टेबलासमोर आज ‘वीकनेस’ची तक्रार बसलेली आहे, त्यांनी ‘रोज चाला’ लिहिण्याआधी दुसऱ्या दिवसाबद्दल विचारावे.